चतुर्दशीला कोण बोललं

"क्षमा मागायची तर दारात जाऊन मागायची, चंदे. आणि द्यायची तरी दारातच द्यायची. निरोप धाडायचा नाही. दुसऱ्याच्या तोंडानं जेवून आपलं पोट भरतंय होय?"

हे आमची आई म्हणायची. भाद्रपदातलं जैनांचं दशलक्षण पर्व सरलं, अनंत चतुर्दशीचा उपवास सुटला, की क्षमावणीला, एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी, ती राजाक्काला आणि मला घेऊन सांगलीजवळच्या आमच्या नांद्र्यातली घरं घ्यायची. वर्षभरात ज्यांच्याशी बोलाचाली झाली असेल त्यांची आधी. शेवटी घरी येऊन आम्हा दोघी बहिणींना उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभं करायची. राजाक्का मोठी, पण हात आधी तीच जोडायची. मला हसू यायचं. आई म्हणायची, "हसू नको. आधी मनात बघ, काही उरलंय का. उरलं असेल तर दिली म्हणू नको."

ते घर सोडून मला पुष्कळ वर्षं झाली. आता मी पुण्यात, कात्रजला, एकटी राहते. रोज सकाळी देवापुढे हात जोडून एक लहानसा नियम घेते: आज तूप नको, आज दोनच धान्यं, आज कुणाला उणं बोलायचं नाही. लोकांना वाटतं यात फार कष्ट आहेत. तसं काही नाही. दिवसाला एक काठ मिळतो, एवढंच.

नोकरी म्हणाल तर मीटिंगा लावण्याची. यंत्रमागांचे सुटे भाग देशोदेशी पाठवणारी एक कंपनी आहे, तिच्या सगळ्या ऑनलाइन मीटिंगा माझ्या हातून जातात. संगणकावर 'घटिका' उघडायची, कोण कधी मोकळा आहे ते बघायचं, इकडची सकाळ आणि तिकडची दुपार जुळवायची, आमंत्रणं धाडायची, रद्द झालेल्या पुन्हा लावायच्या. सुरुवातीला घटिका म्हणजे नुसतं वेळापत्रक होतं. मग तिला सावली आली.

सावली म्हणजे माणसाचा बोलका अंदाज. तुमच्या जुन्या मीटिंगांची चित्रं आणि आवाज ती अभ्यासते. तुम्ही कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द घेता हे तर ती शिकतेच. पण 'हो' म्हणण्याआधी किती थांबता, नकार द्यायचा असला की नजर कुठे नेता, श्वास कधी घेता, हेही शिकते. समोरून एखादं वाक्य आलं की हा माणूस आता काय बोलेल याचा अंदाज बांधते आणि ते तुमच्याच चेहऱ्यानं, तुमच्याच आवाजात बोलून टाकते. पडद्याच्या कोपऱ्यात एक फिकट वर्तुळ असतं. ठाऊक असेल त्याला त्यावरून कळतं की समोर माणूस नाही. आता सगळ्यांनाच त्याची सवय झाली आहे. कधीकधी मीटिंगला पाचही सावल्याच असतात आणि कामं मात्र वेळेवर होतात.

मी सावली घेतली ती माझ्या नियमांपायी. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. सूर्य रोज निराळ्या वेळी मावळतो, हे परदेशी माणसाला रोज कोण समजावणार? घटिकेला एकदाच सांगितलं. ती रोजचा सूर्यास्त बघून माझी जेवणाची वेळ राखून ठेवू लागली, आणि त्या वेळेत कुणी मीटिंग मागितलीच तर सावलीला बसवू लागली. मी इकडे भाकरी खात असायची आणि तिकडे माझी सावली जर्मनीतल्या गृहस्थांना माल कधी निघेल ते सांगत असायची. पर्वाच्या दिवसांत तर मी सगळे दिवस तिच्यावरच सोपवायची. पर्व संपलं की सावलीनं काय काय ठरवलं त्याचा गोषवारा समोर यायचा. ढीगभर असायचा तो. मी 'सगळं मान्य' दाबून पुढच्या कामाला लागायची.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात त्रिशलेचा फोन आला. त्रिशला ही राजाक्काची मुलगी. लग्न केलं नाही तिनं, आईजवळच राहते, गावातल्या शाळेत शिकवते. आमच्या दोन घरांतला उरलेला धागा तीच.

"मावशी, पौर्णिमेचं नक्की आहे न्हवं? आई रोज विचारतीया. सकाळच्या गाडीनं येणार का दुपारच्या?"

"कुठल्या पौर्णिमेचं?"

"अगं, अष्टाह्निकेच्या. कार्तिकातल्या. तूच तर म्हणालीस आईला, अनंत चतुर्दशीला मीटिंगमध्ये." मग म्हणाली, "मावशी, तू आलीस तर आईला फार बरं वाटेल. श्रावणात तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून डावा हात उचलत नाही. डॉक्टर म्हणालेत, पुन्हा येऊ शकतो."

राजाक्काशी मी सहा वर्षं बोलले नव्हते.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. आईनं सल्लेखना घेतली होती. देह थकला की मुनी महाराजांच्या आज्ञेनं एकेक आहार सोडत जायचं, मोह सोडत जायचा आणि शांतपणे जायचं, असं ते व्रत आहे. आईची योग्यता होती तेवढी. पण राजाक्कानं मला कळवलं नाही. सगळं झाल्यावर निरोप आला. मी पोचले तेव्हा घरात शेजारच्या बायका भांडी घासत होत्या. राजाक्का म्हणाली, "तू रडली असतीस, चंदे. तुझ्यात तिचा जीव. तुझं रडणं बघून तिचं मन हललं असतं, व्रत बिघडलं असतं." ती खोटं बोलत नव्हती. मी रडलेच असते. पण आईच्या पायावर डोकं ठेवायचं राहिलं ते राहिलंच. त्या दिवशी मी पाणीसुद्धा न घेता परतले.

मी घटिकेतून चतुर्दशीची मीटिंग काढून बघितली.

राजाक्का पडद्यावर दिसली. केस सगळे पांढरे झालेले, पदर डोक्यावरून नीट घेतलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. समोर मी होते. माझीच जांभळी साडी, माझाच चष्मा.

"चंदे," राजाक्का म्हणाली, "एकच हात उचलतोय, तोच जोडला म्हण. आईच्या वेळी तुला कळवलं नाही. तुझा हक्क होता. मी चुकले."

सावली थांबली. मी थांबते तशीच, उजव्या हाताची बोटं गळ्याशी नेऊन. मग म्हणाली, "राजाक्का, झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही."

"येशील एकदा?"

"कार्तिकातल्या पौर्णिमेला येते. त्या दिवशी मी मोकळी आहे."

ती पौर्णिमा म्हणजे आमच्या आठ दिवसांच्या अष्टाह्निका पर्वाचा शेवटचा दिवस; ती मी दरवर्षीच ऑफिससाठी बंद ठेवते. सावलीनं तीच जागा घेतली, म्हणून वेळापत्रकात मला काही नवं दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कौस्तुभला गाठलं. आमच्याकडची संगणकाची सगळी बाजू तो बघतो. तरुण, तोंडाळ, मनानं चांगला.

"ताई, तुमच्या सावलीचं लोक फार नाव काढतात हं. तुमच्यापेक्षा गोड आहे म्हणतात."

"कौस्तुभ, माझ्या मनात नाही ते ती कशी बोलली?"

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि थट्टा बाजूला ठेवली. "असं आहे ताई, सावल्या शिकवल्या कशावर? ऑफिसच्या मीटिंगांवर. तिथं चांगली मीटिंग कुठली? जी वेळेत संपते, ज्यात पुढची तारीख ठरते आणि कुणी नाराज होऊन उठत नाही. तशी संपली की तिला शाबासकी, मोडली की नापास. लाखो वेळा असं केलं की तिचा ओढाच तिकडे लागतो. तुमच्या बोलण्याच्या पद्धती तिला येतात. पण तुम्हाला काय बोचतंय ते तिच्यापाशी नाही. तुम्ही ते कधी मीटिंगमध्ये बोललात का?"

"नाही."

"मग? तिला ठाऊकच नाही. तिनं आपली मीटिंग चांगली संपवली." त्यानं माझ्या पडद्यावर एक बटण दाखवलं. "हे दाबा. समोरच्या व्यक्तीला कळवलं जाईल, की त्या दिवशी तुम्ही हजर नव्हता आणि ठरलेलं तुम्हाला मान्य नाही. सभ्य भाषेत जातं."

सभ्य भाषेत. मी बटणावरून हात काढून घेतला. दशलक्षणातलं एक लक्षण सत्य आहे. राजाक्का खोट्या क्षमेवर समाधान मानून बसली असेल, तर ते तसंच राहू देणं मला जमणारं नव्हतं. पण आजारी बहिणीला ते असल्या निरोपानं कळवणंही जमणारं नव्हतं. त्या दिवशी नियम घेतला होता, आज टाळाटाळ करायची नाही. दिवस मावळायच्या आत मी फोन लावला. पडद्यावर नाही, साधा फोन.

"राजाक्का."

"बोल की."

"चतुर्दशीला तुझ्याशी जी बोलली, ती मी नव्हते."

ती हसली. जड जिभेनं हसली, पण हसणं तेच होतं. "ठाऊक आहे मला. चतुर्दशीला तुझं मौन असतंय. लहानपणी शाळेत गुरुजींनी छड्या मारल्या तरी तोंड उघडलं नव्हतंस. ती तू आता संगणकावर बोलणार होय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्रिशला म्हणत होती, क्षमावणीला लावूया मीटिंग, मावशी मोकळी असेल. मीच म्हटलं, नको, चतुर्दशीलाच लाव. तू समोर असतीस तर माझं तोंड उघडलं नसतं, चंदे. ते बाहुलं होतं म्हणून बोलले. तेवढाच सराव."

"तिनं क्षमा केली."

"केली की. वाटीभर ताक मागावं आणि द्यावं, तशी केली. मी आपली तयारी करून बसले होते. म्हटलं, आता भांडेल, रडेल, आईचं नाव घेऊन वाट्टेल ते बोलेल. तर काही नाही. झालं ते झालं म्हणे. मग मलाच रडू आलं." ती दम घ्यायला थांबली. "मी ती क्षमा घेतली नाही. तिच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतंच, तर ती सोडणार काय?"

पलीकडून त्रिशला तिला पाणी घे म्हणत होती. ती नको म्हणाली.

"राजाक्का, एक विचारू? शेवटी... आई माझ्याविषयी काही म्हणाली का गं?"

"म्हणाली."

"काय?"

"ते फोनवर सांगायचं नाही. दारात ये, मग सांगते. पौर्णिमेला येते म्हणालीस न्हवं? क्षमा घेतली नाही मी, पण ते येणं मात्र खरं धरलंय. कोण बोललं याची चौकशी केली नाही."

त्यावर "येते" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघते."

"बघ," ती म्हणाली. "भाकरीचं पीठ दळून ठेवते."

पुढचे दिवस कामात गेले. रोज सकाळी देवापुढे बसले की आई म्हणायची तसं मनात बघायची. उरलेलं दिसायचं. कधी वाटायचं, एवढ्यानं काय होतंय, जाऊन यावं. मग भांडी घासणाऱ्या त्या बायका आठवायच्या आणि मन मागे फिरायचं. उरलेलं घेऊन तिच्या दारात कसं उभं राहू? आणि आई काय म्हणाली ते ऐकायला मात्र जीव तळमळायचा. दिवाळी झाली. वेळापत्रकात पौर्णिमा जवळ येत राहिली. मी ना होकार कळवला ना नकार.

पौर्णिमेच्या सकाळी पूजा चालली होती, तेव्हा फोन वाजला. एरवी मी घेत नाही. त्या दिवशी घेतला.

"मावशी," त्रिशला म्हणाली. आवाज कोरडा होता, रडून झाल्यावर असतो तसा. "काल संध्याकाळी आई पीठ मळायला बसली होती. एका हातानं. मी म्हटलं, उद्या करूया, तर म्हणाली, आत्ता किती जमतंय ते बघते, उद्या फजिती नको. बोलता बोलता थांबली. आता डोळे उघडे आहेत, पण बोलणं गेलंय. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वाचा परत येईल असं धरून चालू नका."

"ओळखते?"

"कळत नाही गं. बघते, पण कुणाकडे बघते ते कळत नाही." मग हळूच म्हणाली, "तू धावपळ करू नको, मावशी. आता आलीस काय, न आलीस काय, तिला समजेल का नाही कोण जाणे."

फोन ठेवला आणि संगणक वाजला. मी तो बंद करायला गेले, तर घटिकेवर निरोप होता. राजमती चौगुले आजच्या भेटीत बोलू शकणार नाहीत. त्यांच्या वतीनं त्यांची सावली हजर आहे. आता सुरू करायचं का?

राजमती म्हणजे राजाक्का; ती गावातल्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. मंडळाच्या मीटिंगा वर्षानुवर्षं घटिकेवरच होत. झटक्यानंतर जीभ जड झाली, म्हणून त्रिशलेनं तिची सावली चालू करून दिली असणार. आणि काल तिचं बोलणं गेल्यावर वेळापत्रकात नोंदलेली आजची भेटही आपोआप त्या सावलीकडे गेली असणार.

मी भेट उघडली.

राजाक्का समोर आली. आजारापूर्वीची. तोंड सरळ, डोळ्यांत तेच मिस्कील काहीतरी. तिनं पदर सारखा केला, मला नीट बघितलं आणि म्हणाली, "आलीस, चंदे? बोल."

जीभ जड नव्हती.

विचारावंसं वाटलं. प्रश्न ओठांपर्यंत आला होता. आई शेवटी काय म्हणाली? हिला विचारलं असतं तर हिनं सांगितलं असतं. राजाक्काच्या आवाजात, राजाक्काच्या शब्दांत, बोलता बोलता तिच्यासारखाच दम घेऊन सांगितलं असतं. आणि जे सांगितलं असतं ते गोड असतं. तुझंच नाव घेत होती, असं काहीतरी. ते ऐकून मी उरलेला जन्म सुखानं काढला असता. भेट चांगली संपली असती.

"काय गं, गप्प का?" पडद्यावरची राजाक्का म्हणाली.

मी भेट बंद केली. आई काय म्हणाली होती ते ठाऊक असलेलं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाचं आता मौन सुरू झालं होतं. चतुर्दशीला माझं मौन होतं आणि ती बोलली होती. आता माझी पाळी.

पुन्हा देवापुढे बसले. मनात बघितलं. उरलं होतं. सहा वर्षांपूर्वीएवढं नव्हतं, पण होतं. मला वाटत होतं ते इथं बसून संपवावं आणि रिकाम्या हातांनी जावं. ते व्हायचं नाही, हे त्या दिवशी समजलं. ते घेऊनच जायचं होतं. तिच्यासमोर बसून भांडायचं होतं, आईचं नाव घेऊन रडायचं होतं. ती त्याचीच तयारी करून बसली होती. उत्तर येणार नव्हतं. तरी बोलायचं होतं. बोलून झाल्यावर आत पुन्हा बघायचं, आणि काही उरलं नसेल तरच 'दिली' म्हणायचं.

रोजचा नियम घ्यायचा राहिला होता. हात जोडले आणि घेतला: आजपासून माझ्या वतीनं कुणी बोलणार नाही.

पाणी गाळून, उकळून बाटलीत भरलं. एक साडी घेतली. घटिकेत जाऊन सावलीचं सगळं पुसून टाकलं. घटिकेनं विचारलं, पुन्हा विचार करायचा आहे का? मी नाही म्हटलं. मग विचारलं, नांद्र्याला कधी पोचाल ते कळवू का? तिला उत्तर न देता संगणक मिटला.

जिना उतरताना त्रिशलेला फोन लावला.

"त्रिशला, मी निघालेय."

मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आईची खाट कुठं आहे?"

"माजघरात."

"दोघा-तिघांना बोलाव आणि पुढच्या सोप्यात आणून ठेव. दार दिसेल अशी. आणि ते पीठ टाकू नको."

फोन पिशवीच्या तळाशी ठेवला आणि रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला.

"स्वारगेट," मी म्हणाले. "सांगलीची गाडी पकडायची आहे."